कर्ण्यात अडकलेला ‘स’

नंदुरबारकडच्या माणसाला कर्णा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लग्नघरी लिंबाच्या फांदीला बांधलेला, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत बांबूवर चढवलेला कर्णा आपण सर्वांनी ऐकला आहे. आमच्या अब्बांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. त्यातले दोन कर्णे आजही माझ्या ओसरीवर आहेत.

कर्णा जन्माला आला तो लांब पोचण्यासाठी. प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनी 1915 च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर मोठ्या जमावाला यंत्रातून आवाज ऐकवला. तेव्हाच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद फार थोडी. तोंडाशी ओंजळ धरली की हाक लांब जाते, तसा कर्णा त्या थोड्या ताकदीचं सोनं करी. आपल्या खानदेशात फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्या दशकात काँग्रेसच्या सभांना मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचे कर्णे असत. गांधीजींसारख्या हळू बोलणाऱ्या माणसाला शेवटच्या रांगेपर्यंत नेणं हे काही लहान काम नव्हे.

पण या लांबीची किंमत होती. लांबलचक नळा झाडावर कसा चढवणार? म्हणून तो आतल्या आत दुमडला. आवाज आधी पुढे जातो, मग मागे वळतो आणि पुन्हा पुढे येतो. या वळणांत आणि जाड पडद्यात बारीक, उंच स्वर मरतात. साधारण पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर कर्णा जवळजवळ मुका. आणि नेमका तिथेच आपला ‘स’ राहतो. कर्ण्यावर ‘साप’ आणि ‘ताप’ सारखेच. आमच्या अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, म्हणजे वाक्याचं शेपूटच पुसट! मुशायऱ्यात माझा काफिया कित्येकदा असा वाऱ्यावर गेला आहे.

सिनेमागृहांनी यावर 1930 च्या दशकातच तोड काढली होती. जाड आवाजाला मोठा कर्णा, बारीक आवाजाला छोटा वेगळा. इंग्रजीत त्यांना वूफर आणि ट्विटर म्हणतात. एक कुत्र्याच्या भुंकण्यावरून, दुसरा पाखराच्या चिवचिवीवरून. आमच्या मांडवांपर्यंत मात्र ते पाखरू फार उशिरा आलं.

गेल्या वर्षी मी ते घरी आणलं. पहिला ट्विटर जाळला, माझ्याच घाईने. कर्ण्याच्या पाठीवर लाइन-ट्रान्सफॉर्मर असतो. तो 100 व्होल्टच्या लाइनसाठी, आणि त्याच तारेवर मी ट्विटर थेट जोडला. दुसऱ्या खेपेला ट्रान्सफॉर्मर सोडवला आणि ट्विटरच्या वाटेत 3.3 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला. आठ ओहमच्या ट्विटरला तो साधारण सहा हजारांच्या खालचं पुष्कळसं अडवतो. साधा ट्विटर कर्ण्यापुढे ऐकूच येत नाही, हेही तेव्हा कळलं. कर्णा एका वॅटमध्ये जेवढा ओरडतो, तेवढं ओरडायला साध्या ट्विटरला कित्येक पट वॅट लागतात. शेवटी छोटा, कर्ण्याच्याच जातीचा ट्विटर घेतला.

मग अब्बांची एक जुनी कॅसेट लावली. यात्रेत माइक तपासताना ते एक ते दहा मोजायचे. लहानपणापासून माझ्या कानांत ते ‘पाच, हा, हात’ असंच बसलेलं. त्या दिवशी अब्बा स्वच्छ ‘सहा, सात’ म्हणाले. कॅसेटमध्ये ‘स’ होताच. कर्ण्याने तो कधी बाहेर सोडला नव्हता.

मुलगी म्हणाली, “अब्बा, मागे पावसासारखी बारीक सरसर चालली आहे, ती कसली?”

ती टेपची सरसर. वाढत्या वयात कान वरचे स्वर आधी सोडतो. मी ट्विटरला कान लावून बसलो, तरी ती मला ऐकू आली नाही. मुलीने कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली, आणि अब्बांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.