अर्धा अंश



रविवारच्या उपासनेत वाचायच्या प्रार्थना-विनंत्यांची यादी आम्ही हल्ली मोबाईलकडूनच तयार करून घेतो. निरोप हिंदीत येतात, मराठीत येतात, काही नुसते आवाजातले असतात. मोबाईल सगळे एकत्र करून नीट मांडून देतो. गेल्या महिन्यात त्या यादीत एका आजींचं नाव आजाऱ्यांमध्ये आलं आणि आम्ही ते तसंच मोठ्यानं वाचलं. आजी गुरुवारीच प्रभूकडे गेल्या होत्या. त्यांचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता. उपासनेनंतर आम्ही त्याला काय म्हणालो? "मोबाईलनं गडबड केली हो." तो काही बोलला नाही.

त्याच दुपारी पाहुण्यांना घेऊन फ्रीगंजचा पूल ओलांडला आणि वेधशाळेत गेलो. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी त्यांनी ती बांधली. पितळी यंत्रं त्यांना पुरेनात. आस झिजतो, मध्य सरकतो, यंत्र लहान म्हणून बारीक भाग वाचता येत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची मोठी यंत्रं उभारली. पण दगडावरही त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. दिल्लीचे वेध पडताळून पाहता यावेत म्हणून जयपूर, मथुरा, काशी आणि आपल्या उज्जैनला आणखी वेधशाळा बांधल्या. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी, हा अनुवादातला नियम त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही; पण केलं ते तसंच.

पुढची हकिकत आपल्याला जवळची वाटेल. १७२७ मध्ये जयसिंहांनी जेझुइट धर्मगुरू फादर मानुएल द फिगेरेदो यांच्यासोबत आपली माणसं गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठवली. ती मंडळी परतली तेव्हा फ्रेंच ज्योतिषी ला हिर यांच्या सारण्या हाती आल्या. त्या काळच्या युरोपातलं हे नावाजलेलं काम, छापलेलं, समुद्रापलीकडून आणलेलं. कोणीही मान तुकवली असती. जयसिंहांनी त्या सारण्या आकाशाशी ताडून पाहिल्या. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत निघाली. अर्धा अंश म्हणजे किती? आकाशात पूर्ण चंद्राचं बिंब जेवढं दिसतं, साधारण तेवढा. त्यांनी ती चूक स्वतःच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवली, आणि दोष युरोपातल्या लहान यंत्रांना दिला. (यंत्राला दोष देण्याची सवय जुनीच म्हणायची! पण त्यांनी आधी तपासलं होतं. आम्ही तपासलंही नव्हतं.)

१७४३ मध्ये जयसिंह गेले आणि वेधशाळा ओस पडत गेली. १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती दुरुस्त केली. नंतर आपले मराठी ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. आता तिथेच ८५ फुटी मनोऱ्यावर वैदिक घड्याळही आलं आहे, फेब्रुवारी २०२४ पासून. पाहुण्यांनी आधी त्याचेच फोटो काढले.

आम्ही मात्र सम्राट यंत्रापाशी थांबलो. त्यावरची सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास, म्हणून सुमारे सत्तावीस मिनिटं मिळवायची. शिवाय सूर्याच्या चालीप्रमाणे तो आकडा वर्षभर कमीजास्त होतो. यंत्र खोटं बोलत नाही, पण बेरीजही करत नाही. सावली वाचून कोणी गाडीला उशिरा पोहोचला, तर त्याला भिंतीवर रागावता येणार नाही.

तिथे उभं असताना अहरोन आठवला. मोशेने जाब विचारला तेव्हा तो म्हणतो की, लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि त्यातून हे वासरू निघालं. जणू भट्टीनंच ते घडवलं! निर्गमच्या त्याच बत्तिसाव्या अध्यायात थोडं वर पाहा: कोरणी घेऊन त्यानेच ते घडवल्याचं लिहिलं आहे. हा अध्याय आम्ही संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवला असेल, आणि दरवेळी मुलं त्या उत्तरावर हसतात.

मंगळवारी आम्ही आजींच्या घरी गेलो. मुलाला सांगितलं, "यादी आम्ही वाचली. आधी पाहायला हवी होती, पाहिली नाही." तो म्हणाला, "आईचं नाव ऐकलं तेव्हा क्षणभर वाटलं, मलाच काही चुकीचं कळलंय." मग त्याने आजींचं बायबल दाखवलं. त्यात नातवंडांच्या जन्मतारखा त्यांच्या हातच्या होत्या, एक खोडून पुन्हा लिहिलेली.

यादी अजूनही मोबाईलच करतो. वेळ वाचतो, आणि अक्षर आमच्यापेक्षा बरं. पण शनिवारी संध्याकाळी दोघे बसून ती वाचतात आणि नाव असलेल्या प्रत्येक घरी फोन करतात. परवा अकरा नावं होती. पाऊण तास लागला, कारण दोन घरी लवकर फोन ठेवू देत नव्हते.