चाळीतलं हसू

सई परांजपे यांची सुरुवात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर झाली. म्हणून माइकपुढे बसणाऱ्या आम्हाला त्या घरच्याच वाटतात. पुढे त्या सिनेमे स्वतः लिहू लागल्या, दिग्दर्शनही स्वतःच करू लागल्या. १९८१ च्या 'चश्मेबद्दूर'मध्ये नायिका दारोदार 'चमको' पावडर विकते, पण हसू येतं ते तिच्या मागे लागलेल्या पोरांचं.

आमचा जीव मात्र १९८३ च्या 'कथा'वर. 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून केलेला हा सिनेमा चाळीत घडतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या चाळींत राहिलेल्यांना ती गॅलरी दाखवावी लागत नाही. कोणाकडे कोण आलं हे तिथे सगळ्यांना आधी कळतं. गोडबोल्या बाशू सगळ्या चाळीला भुलवतो, संध्याशी लग्न ठरवतो आणि पळून जातो. इथवर आपण हसत असतो. मग संध्या साध्यासुध्या राजारामला काहीही न लपवता सगळं सांगते. तो ऐकून घेतो आणि तरीही तिच्याशी लग्न करतो. अशा मुलीला आपल्या चाळींत काय काय ऐकावं लागतं, ते आम्ही पाहिलंय. बाईंनी तिला एक टोमणासुद्धा मारला नाही.