प्रौढांच्या वर्गात आहाराचा धडा : मोबाइलवर शोध कसा घ्यावा?

केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. वाचन, लेखन, गणिताबरोबर डिजिटल साक्षरता आणि आरोग्याची माहितीही त्यात येते. त्यामुळे कुंडलसारख्या गावात आपा-खालांना अक्षरं शिकवतानाच आहाराचा धडाही घेता येतो.

गरज का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे. त्यात फोनवर ‘हे खा, शुगरची गोळी सोडा’ असे मेसेज फिरतात. ते पारखता आले नाहीत तर तब्येतीशी खेळ होतो.

प्रश्न घरातला घ्या. ‘रक्त वाढायला काय खावं?’ लिहिता येत नसेल तर माइकचं बटण दाबून मराठीत किंवा उर्दूत विचारता येतं.

सांगणारा कोण, ते पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रं दिली. ती मोफत मिळतात. माहिती देणाराच पावडर विकत असेल, तर सावध व्हा.

आकडे ताडून पाहा. याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. इथेच गणिताचा सरावही होतो.

पाकीट वाचा. जो घटक सर्वांत जास्त, त्याचं नाव यादीत सर्वांत आधी असतं. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा आणि साखर कितव्या नंबरवर आहेत, ते शोधायला लावा. परवान्याचा १४ अंकी क्रमांकही मोजून घ्या.

ताटात उतरवा. डाळ-पालकावर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. जेवणासोबत चहा नको, तो लोह अडवतो. दिवसभरात माणशी मीठ ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक छोटा चमचा; लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरा.

एक गोष्ट प्रत्येक वर्गात सांगावीच लागते : मोबाइल बघून गोळी बंद करायची नाही. शुगर असलेल्यांनी रमजानच्या रोज्यांआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. इंटरनेटवरून प्रश्न नीट विचारायला शिकावं. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. घरात शिकलेली मुलं आहेत, त्यांनी रोज दहा मिनिटं अम्मीसोबत बसून एक पाकीट वाचलं, तरी हा वर्ग घरीच सुरू होईल.