उत्तरेचा गारठा आणि समुद्राचा बहर

झाशीला समुद्र नाही. बुंदेलखंडाच्या खडकाळ भूमीवर वसलेल्या या शहरापासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही पौष-माघात झाशीसह सबंध उत्तर भारतावर पसरणाऱ्या कोरड्या, थंड हवेशी त्या समुद्रातील वनस्पती प्लवकांच्या बहराचे नाते आहे. ते उलगडण्यास मोठा काळ लागला.

१९५३ मध्ये नॉर्वेचे समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप यांनी उत्तर अटलांटिकमधील वसंत बहराची उपपत्ती मांडली. हिवाळ्यात पाणी खोलवर घुसळले जाते आणि प्लवके अंधारात ओढली जातात. वसंतात वरचा थर उथळ झाला की प्रकाश पुरेसा मिळून बहर येतो. तेथे घुसळण ही बहराची वैरीण ठरली.

अरबी समुद्रात प्रकाश बारमाही आहे. टंचाई असते ती नायट्रेटसारख्या पोषकद्रव्यांची. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगत खोल पाणी वर आणतात, म्हणून तेथील बहर समजण्याजोगा होता. पण ईशान्य अरबी समुद्र शांत हिवाळ्यात का बहरतो?

आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेच्या प्रेरणेतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील या संस्थेच्या एम. मधुप्रताप व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर दिले. ईशान्येकडून येणारे कोरडे वारे बाष्पीभवन वाढवतात. पृष्ठजल थंड व अधिक खारट, म्हणून जड होऊन खाली बुडते. या घुसळणीत खालची पोषकद्रव्ये उजेडात येतात. अटलांटिकमधली वैरीण येथे अन्नपूर्णा ठरते.

आता हा क्रम डळमळला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिवाळी बहरात डायटमची जागा हिरवा नॉक्टिल्युका घेऊ लागला. हिमालय-तिबेटवरील बर्फ घटल्याने वारे उष्ण व दमट होऊन घुसळण मंदावते, असा निष्कर्ष २०२० मधील एका अभ्यासाने काढला. नॉक्टिल्युका मुख्यतः सॅल्प व जेलीफिशचे खाद्य आहे. माशांकडे जाणारी अन्नसाखळी त्यामुळे आखूड पडते. उत्तरेचा गारठा ओसरला, तर त्याची झळ किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या जाळ्याला लागेल.