दिवाणखान्यातला ओटा आणि मागची मोरी

श्रीमंतांचे स्वयंपाकघर अलीकडे भिंत पाडून दिवाणखान्यात आले आहे. मधोमध दगडी ऐसपैस ओटा (त्याला 'आयलंड' म्हणतात), भोवती उंच खुर्च्या, फ्रीजदेखील कपाटाच्या फळीमागे दडवलेला. तेलाचा डाग नाही, खरकटे नाही. मग रांधले जाते कोठे? ओट्यामागच्या भिंतीत एक दार असते. त्या दाराआड दुसरे, लहान स्वयंपाकघर. फोडणी तेथे, मासळी तेथे, भांडी तेथे. इंग्लंड-अमेरिकेत त्याला 'स्कलरी' म्हणतात, सिंगापूरकडे 'वेट किचन', फिलिपिन्समध्ये सरळ 'डर्टी किचन'. आपला बिल्डर 'युटिलिटी' म्हणतो. यांत फिलिपिनो नाव त्यातल्या त्यात प्रामाणिक.

स्कलरी ही जुनीच चीज आहे. व्हिक्टोरियन धनिकाच्या घरात भांडी घासणारी पोर नोकरांच्या उतरंडीत सर्वांत खाली असे. पहिल्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाला असे नोकर मिळेनासे झाले आणि युरोपला स्वयंपाकघराचा नव्याने विचार करावा लागला. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी स्त्रीने १९२६ साली फ्रांकफुर्टच्या नगरपालिकेच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघर तिच्यासमोर होते. बाईची पावले किती वाचतील याचा हिशेब तिने केला. पीठ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खण केले, बसून चिरता यावे म्हणून स्टूल ठेवले. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसली. पुढे हीच बाई नाझींविरुद्धच्या लढ्यात पकडली गेली आणि १९४१ ते १९४५ तुरुंगात राहिली. बाईला एकटीला त्या खोलीत कोंडले, अशी टीका स्त्रीवाद्यांनी नंतर केली, आणि ती खोटी नाही. १९८२ साली ओटल आयशर या जर्मन अभिकल्पकाने कामाचे टेबल मधोमध आणण्याचा आग्रह धरला, तो सर्वांनी मिळून रांधावे म्हणून. दोघांचे गृहीतक एकच होते: जो खाणार, तो राबणार.

आपल्याकडे फळ्या आणि खण आले. गृहीतक मात्र सीमेवरच अडले!

ते का अडले, याचे उत्तर वाड्याच्या नकाशात आहे. सोवळ्याचे स्वयंपाकघर आतल्या अंगाला. भांडी मागल्या दारी. मोलकरणीने राखेने लख्ख घासलेले भांडे घरात घेताना त्यावर पुन्हा पाणी ओतायचे. म्हणजे घाण भांड्याला नव्हती, हाताला होती. आणि अस्पृश्याचा हात तर त्या मोरीपर्यंतही पोचत नव्हता. उष्टे-शिळे घ्यायला तो परसाबाहेर उभा. त्याने स्वतःच्या घरी चांगले भांडे वापरले तरी ते खपत नसे. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी आमच्या बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या न झालेल्या भाषणात तो नोंदवला आहे. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे सूत्र त्यांनी त्याच भाषणात मांडले. हे सारे मागे पडले म्हणावे, तर २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकिणीने जात लपवून सोवळे मोडले म्हणून पोलिसांत तक्रार दिली. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती.

आता 'ओपन किचन'बद्दल. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० नंतरच्या काही वर्षांत बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची एक खोली. स्टोव्ह तिथेच, बाळंतपण तिथेच, अभ्यास तिथेच. संडास सगळ्या मजल्याचा मिळून. आमच्या किती पिढ्यांनी भिंतीवाचूनच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढले! त्याला कोणी शैली म्हटले नाही. कारण तिथे धूर लपवायला दुसरी खोली नव्हती, आणि रांधणारी व खाणारी माणसे एकच होती.

त्याच वरळी-परळच्या मनोऱ्यांत आज उघडा ओटा आहे. मागच्या स्वयंपाकघराला लागून बहुधा नोकराची खोली, तिचा संडास वेगळा, आणि तिचे दार थेट 'सर्व्हिस लिफ्ट'कडे उघडते. सकाळी त्या लिफ्टने वर जाणारी बाई दिवाणखान्यातून न जाता ओट्यामागे पोचते. घर दाखवताना विक्रेता हे दार लपवत नाही. सोयींच्या यादीत ते छापलेले असते.