विमानाचा रंग आणि प्रतिकृतीचा रंग

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले तर आपण मराठी माणसे पत्रे, बखरी, ताम्रपट आणि शिलालेख यांची नावे घेऊ. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, तेव्हापासून कागद हाच आपल्या लेखी इतिहासाचा पहिला साक्षीदार ठरला आहे. परंतु विसाव्या शतकाचा इतिहास पुष्कळसा यंत्रांचा इतिहास आहे, आणि यंत्राच्या अंगावर एक असे साधन असते की जे कोणत्याही दप्तरात नीट शिल्लक राहत नाही. ते म्हणजे रंग. विमाने किती बांधली व त्यांवर खर्च किती झाला, हे फायलींतून सापडते. अमुक एका वर्षी ती डोळ्यांना कशी दिसत होती, हे सहसा सापडत नाही. या प्रश्नाचा पाठपुरावा आज कोणी चिकाटीने करीत असेल, तर तो वीतभर विमान जुळवून त्यास रंग देणारा हौशी प्रतिकृतिकार होय. त्याच्या रंगाच्या बाटल्यांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस म्हणूनच वाटते.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही ज्या व्हाइटफील्डमध्ये राहतो, ते १८८२ साली वसले. म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियार महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या संघास ३,९०० एकर जमीन दिली आणि संघाचे प्रमुख डी. एस. व्हाइट यांचे नाव वसाहतीस मिळाले. योगायोग असा, की त्याच १८८२ साली सोलापुरात वालचंद हिराचंद जन्मले. आणि व्हाइटफील्डहून बंगळूर शहराकडे जाताना जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर जो विमानांचा कारखाना लागतो, त्याची मुहूर्तमेढ याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये रोवली. पुढे या कारखान्यात, ग्योटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान रचले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते प्रथम आकाशात गेले. १९५८ साली 'पुष्पक' आणि १९६४ साली 'किरण' ही विमानेही त्यांच्याच देखरेखीखाली उडाली. घरापासून दूर असलेल्या मराठी माणसाने या परिसरात स्वतःस अगदीच परका समजण्याचे कारण नाही.

आता या विमानांना रंग कोणता द्यावा? प्रश्न सोपा दिसतो, पण तो सोपा नाही. आपल्या हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हाचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवरील तांबड्या गोलाशी घोटाळा होऊ नये म्हणून आपल्या विमानांच्या चिन्हातील तांबडा रंग काढून टाकण्यात आला आणि केवळ निळ्याच्या दोन छटा उरल्या. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचे चिन्ह आले. १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर केशरी, पांढरा आणि हिरवा अशी आजची वर्तुळे आली. म्हणजे १९४७ सालच्या काश्मीर मोहिमेतील डाकोटा विमानावर कोणी तिरंगी वर्तुळ काढले, तर शिवकालीन चित्रात पेशवाई पगडी दाखविण्यासारखाच तो प्रमाद होईल.

लिबरेटर या अजस्र बाँबफेकी विमानांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. महायुद्ध संपल्यावर ही अमेरिकन बनावटीची विमाने कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. बंगळूरच्या कारागिरांनी ती तात्पुरती डागडुजी करून आपल्या कारखान्यात आणविली, नव्याने उभी केली, आणि १९४८ पासून १९६८ पर्यंत ती हवाई दलाच्या सेवेत राहिली. त्यांपैकी एक १९७४ साली ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयास भेट म्हणून देण्यात आले. एकाच पत्र्याने अमेरिकेचा कारखाना, ब्रिटिश सेवा आणि भारतीय सेवा अशी तीन आयुष्ये पाहिली. अशा विमानाची प्रतिकृती करणाऱ्यास प्रथम वर्ष ठरवावे लागते, मग रंग. जुनी छायाचित्रे येथे पुरी पडत नाहीत. ती बहुधा कृष्णधवल असतात. शिवाय जुन्या जातीच्या काही फिल्मांवर तांबडा रंग काळा उमटे आणि निळा फिकट दिसे. संग्रहालयातील विमानही निःशंक पुरावा नव्हे, कारण उन्हापावसात उभ्या असलेल्या यंत्रास मधूनमधून नवा हात द्यावाच लागतो.

रंग ठरला तरी काम अर्धेच झाले. प्रतिकृतिकाराचा खरा शत्रू आहे जाडी. एकास बहात्तर या प्रमाणाच्या प्रतिकृतीवर मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाड असा थर बसला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरांहून जाड गिलावा ठरेल! पत्र्याचे सांधे व रिव्हेटांच्या रांगा त्याखाली बुजून जातील. कुंचल्याने हा दोष टाळणे कठीण, म्हणून एअरब्रश आला. हे उपकरण विमानाहूनही जुने आहे. अमेरिकेत १८७९ च्या सुमारास ॲबनर पीलर यांनी त्याचा पहिला ओबडधोबड नमुना केला, आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी त्यास आजच्यासारखे रूप दिले. निमुळत्या तोंडातून जोराने हवा सुटते, ती रंगास ओढून त्याचे धुके करते, आणि मधली सुई त्या धुक्याचे माप राखते. प्रथम ते चित्रकारांच्या व छायाचित्रांवर हात फिरविणाऱ्यांच्या उपयोगाचे होते. प्रतिकृतिकारांनी ते पुढे उचलले.

खऱ्या विमानांच्या रंगाचीही स्वतःची परंपरा आहे. 'पुष्पक'सारख्या कापडी आवरणाच्या विमानास सेल्युलोजचे 'डोप' लावीत. त्याने कापड ताणून घट्ट होई आणि हवा आत शिरत नसे. तेथे रंग हा शोभेचा नव्हे, बांधणीचाच भाग होता. घरी मात्र असल्या उग्र द्रावकांचा वास कोण सोसणार? पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील चित्रकारांच्या हाती आले आणि पुढे प्रतिकृतींच्या दुकानांत पोहोचले. त्यांत दोन जाती ध्यानात ठेवाव्या. जपानच्या टामियासारख्या रंगांत अल्कोहोलाच्या जातीचे द्रावक असते. ते अल्कोहोलाने किंवा त्यांच्याच थिनरने उत्तम पातळ होतात आणि एअरब्रशमधून सुरळीत वाहतात. स्पेनच्या वायेहोसारखे रंग पाण्याच्या अंगाचे असतात. त्यांत अल्कोहोल घातले तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. त्यांस त्यांचेच थिनर द्यावे, किंवा आधीच पातळ करून विकलेली बाटली घ्यावी. दोन घराण्यांची सोयरीक परीक्षेवाचून जुळवू नये, हा नियम येथेही लागू आहे.

पातळ किती करावे? जाणकार म्हणतात, दुधाइतके. आम्ही त्यात इतकीच भर घालू, की म्हशीच्या नव्हे, गाईच्या दुधाइतके. टामियाचा एक भाग रंग व एक ते दोन भाग थिनर येथून आरंभ करावा. वाटीच्या कडेवर थेंब चढवून पाहावा. तो एकसारखा ओघळून मागे पातळ पापुद्रा राहिला की प्रमाण साधले. हवेचा दाब चौरस इंचास पंधरा ते वीस पौंड पुरे. रंग दाट राहिला तर पृष्ठभागावर खरखर येते. अति पातळ झाला तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. एकाच जाड हातापेक्षा चार विरळ हात बरे. फाल्गुन-चैत्रातील इथल्या कोरड्या दुपारी रंग सुईच्या टोकावरच वाळतो, तेव्हा वाळण्यास विलंब लावणाऱ्या द्रावाचे दोन थेंब घालावेत. विंधणविहिरीचे जड पाणी रंगात वापरू नये. प्रत्येक नवे मिश्रण आधी टाकाऊ प्लास्टिकच्या चमच्यावर उडवून पाहावे.

शेवटची गोष्ट अंतराची. एकास बहात्तरच्या प्रतिकृतीकडे आपण एका फुटावरून पाहतो, ते खऱ्या विमानाकडे सुमारे बावीस मीटरांवरून पाहण्याजोगे असते. दूरची वस्तू फिकी दिसते. म्हणून पुष्कळ जाणते कारागीर मूळ छटेत किंचित पांढरा मिसळतात. खऱ्या विमानाचा अस्सल रंग लहान प्रतिकृतीवर अस्सल दिसत नाही. इतिहासलेखकासही हे ओळखीचे वाटेल. त्यालाही मोठा काळ लहान पानावर आणताना, सत्य न सोडता, छटा सौम्य करावी लागते.

घाटग्यांच्या पिढीच्या विमानांवर ज्यांनी प्रत्यक्ष रंग चढविला, ते हात आता झपाट्याने दिसेनासे होत आहेत. त्यांच्या आठवणींत असलेली हिरवी कोणती आणि पिवळी कोणती, हे कोणत्याही कचेरीने टिपून ठेवलेले असेल असा भरवसा धरता येत नाही. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण संरक्षण खात्यात, हवाई दलात, कारखान्यांत आहेत. शेजारचा एखादा निवृत्त कामगार जुन्या विमानाबद्दल बोलू लागला, तर त्याचा रंग कोणता होता, तो कोणत्या वर्षी दिला आणि कशाने पातळ केला, एवढे तीन प्रश्न विचारून उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. टिपण लिहिणे हा तर आपणा सर्वांचा रोजचाच धंदा आहे. त्यांतले एक तरी असे असावे, की ज्याची पन्नास वर्षांनंतरही कोणाला गरज पडेल.