गुलाबाची सर्दी आणि दप्तरातला पंप

आपला 'दमा' हा शब्द फारसी 'दम' म्हणजे श्वास, यावरून आलेला. रोगाचा अभ्यासही जुना आहे. वसंतात गुलाब हुंगला की अबू झैद अल-बल्खी या विद्वानांना सर्दी का होते, यावर हकीम अल-राझी यांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी एक छोटा ग्रंथ लिहिला. 'अॅलर्जी' हे नाव मात्र 1906 सालचे, व्हिएन्नाच्या पिर्के यांनी दिलेले. औषध ओढण्याचा खिशातला पंप 1956 साली आला.

आता आपल्या गावाकडे पाहा. ठाण्यात 1962 साली वागळे इस्टेट सुरू झाली. पुढे डोंबिवलीत रासायनिक कारखाने आले. तेथे जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. कारखान्यांना दोष द्याच. पण घरातला लोबानाचा धूर, ओल्या भिंतीवरची बुरशी, गादीतली धूळ यांचे काय?

माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा धापा टाकू लागली. पंप घरी कपाटात! पुढे स्थळे येतील, लोक काय म्हणतील, ही आईची भीती. शिवाय 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज. वाचकहो, रोजचा पंप श्वासनलिकेची सूज आटोक्यात ठेवतो, तर धाप लागल्यावर घ्यायचा पंप आवळलेल्या नळ्या मोकळ्या करतो. डॉक्टरांना न विचारता दोन्ही बंद करू नयेत. वर्गशिक्षकांपासून तर काहीच लपवू नये.

त्या मुलीचा पंप आता दप्तरात असतो, कंपासपेटीशेजारी.